दोनशे पानी वही आणि एकोणीस अर्ज

मंगळवारी, २ ऑगस्ट २०२२ ला, आमच्या गल्लीतल्या वहिनींच्या खात्यात ५०,००० रुपये जमा झाल्याचा मेसेज आला. कोरोनानं माणूस गेलेल्या घराला मिळणारी ही सरकारी मदत. आम्ही भरलेल्या एकोणीस अर्जांपैकी हा शेवटचा. गावात आजार आला तिथून इथवर सव्वा वर्ष गेलं. अजून कितीतरी घरांत अर्ज फेटाळल्याचा मेसेज मोबाइलमध्ये तसाच पडून आहे आणि पुढं काय करायचं ते कुणी सांगितलेलं नाही. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आमचं गाव मांजरा नदीच्या काठचं, दोन हजारांच्या आतबाहेर वस्तीचं. मी बारावी शिकलेली, शिवणकाम करते आणि उमेदची, म्हणजे सरकारच्या बचत गटांच्या अभियानाची, गावातली सीआरपी आहे. म्हणजे गावातल्या बचत गटांच्या वह्या मी लिहिते. आजारपणाचं मला काही कळत नव्हतं, वही लिहिणं तेवढं येत होतं.

२०२१ च्या गुढीपाडव्याच्या आगंमागं ऊसतोडीला गेलेली माणसं परतली. त्याच आठवड्यात, १४ एप्रिलच्या रात्रीपासून, ‘ब्रेक द चेन’, म्हणजे कोरोनाची संचारबंदी, सुरू झाली. गावात घरोघर खोकला होता, पण तपासायला कुणी तयार नव्हतं. आशाताई दारात दिसली की लोक मागच्या दारानं शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या खोपटावर, निघून जायचे. “दवाखान्यात नेलं की माणूस माघारी येत न्हाई,” एवढंच सगळ्यांच्या तोंडी. त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग यायचा. शेजारच्या गावातून गेलेली तीन माणसं त्यांच्या डोळ्यांदेखत परत आली नव्हती.

२२ एप्रिलला प्राथमिक आरोग्य केंद्राची माणसं रॅपिड टेस्टचं शिबिर घेऊन आली. सत्तर जणांची टेस्ट झाली, एकवीस पॉझिटिव्ह निघाले. यातल्या निम्म्यांच्या घरात एकच खोली. वेगळं राहा म्हणायचं तर कुठं राहायचं? त्या रात्री ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाच्या, आम्ही सात जणी शाळेच्या ओट्यावर बसलो आणि ठरवलं की जिल्हा परिषद शाळेचे चार वर्ग उघडायचे. सरपंचांनी किल्ली दिली, मुख्याध्यापकांनी फोनवर हो म्हटलं, आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी दिवसाआड येऊन बघायचं कबूल केलं. २४ एप्रिलला पहिली नऊ माणसं तिथं राहायला आली.

ग्रामसंघाकडं जोखीम निधी असतो, त्याला आम्ही व्हीआरएफ म्हणतो. त्यातून ठराव करून १५,००० काढले. ठराव आधी लिहिला, सह्या घेतल्या, मगच पैसे काढले. घाई कितीही असली तरी हे सोडू नका. पैशाच्या हिशोबावरून पुढं गावात बोलणं झालं, तेव्हा त्या एका पानानं आम्हाला वाचवलं. बाकी पैसा वर्गणीतून उभा राहिला. ज्यांच्याकडं पैसे नव्हते त्यांनी ज्वारी दिली, दूध दिलं, एका आजींनी रोज सहा अंडी दिली. एरवी हजाराच्या आत मिळणारे ऑक्सिमीटर त्या आठवड्यात १,८०० ला एक, असे तीन घेतले. ते महाग मिळाले म्हणून आजही हळहळ वाटत नाही.

वही तिथून सुरू झाली. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. माणसागणिक एक पान. वर नाव, वय, फोन, टेस्ट कुठं झाली, कोणत्या तारखेला आणि कोणती, रॅपिड की आरटीपीसीआर. खाली रोज तीन वेळा ताप आणि ऑक्सिजन. माणूस पुढं हलवला तर कोणत्या गाडीनं, कोणत्या दवाखान्यात, किती वाजता आणि सोबत कोण होतं. डॉक्टरांनी फक्त ताप आणि ऑक्सिजन लिहायला सांगितलं होतं. बाकीचं मी गटाच्या सवयीनं लिहीत गेले. ते पुढं कशाला उपयोगी पडेल हे तेव्हा डोक्यातही नव्हतं.

ऑक्सिमीटरबद्दल दोन गोष्टी सांगते, कारण आमचे पहिले दोन दिवस यात गेले. नखाला मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा चुकीचा दाखवू शकतो, दुसरं बोट घ्यायचं. हात गार असतील तर चोळून ऊब आणायची, आणि बोट घातल्याबरोबर येणारा आकडा न लिहिता तो स्थिर होईपर्यंत थांबायचं. डॉक्टरांनी सहा मिनिटं चालायला लावून पुन्हा मोजायला शिकवलं होतं. बसल्यावर ९६ असलेला माणूस चालल्यावर ९१ वर यायचा, म्हणजे त्याला हलवायची वेळ आली. ‘मला काही होत न्हाई’ म्हणणारे चौघं अशा चालण्यातच ओळखू आले आणि वेळेत अंबाजोगाईच्या दवाखान्यात पोचले. चौघंही घरी आले.

सगळ्यात अवघड काय होतं विचाराल तर संडास. शाळेत दोन होते, एकाचं दार मोडलेलं. पाणी हापशाचं. बायका रात्री अंधारात बाहेर जायला लागल्या तेव्हा आम्ही वर्गणीतून पहिल्यांदा दार बसवून घेतलं, पंखे नंतर. स्वयंपाक आळीपाळीनं. सकाळी अंडी, दुपारी भाकरी आणि पिठलं, रात्री हुलग्याचं माडगं. वाकळा ज्यानं त्यानं घरून आणायच्या आणि जाताना उन्हात टाकून न्यायच्या. माझ्या सासूबाई मला महिनाभर घरात वेगळ्या ताटात वाढायच्या. मी रडायचे त्याचं, पण त्या त्यांच्या जागी बरोबर होत्या, त्यांना साखरेचा त्रास आहे.

मेच्या शेवटी सरकारनं जास्त बाधित १८ जिल्ह्यांत घरी विलगीकरण बंद केल्याची घोषणा केली. तेव्हा आजूबाजूच्या गावांचे सरपंच आमची शाळा बघायला आले. त्यांना मी वहीच दाखवली. मृग निघाला, लोकांना पेरणीचे वेध लागले आणि ९ जूनला शेवटचा माणूस घरी गेला. ४७ दिवस, ५८ माणसं, खर्च ३८,४०० रुपये.

गावानं त्या उन्हाळ्यात पाच माणसं गमावली. त्यातले वहिनींचे मालक ३४ वर्षांचे. २२ एप्रिलच्या शिबिरात पॉझिटिव्ह निघाले, २९ ला ऑक्सिजन ८८ आला म्हणून हलवलं. दवाखान्यात सात-आठ दिवसांनी त्यांची आरटीपीसीआर निगेटिव्ह आली. आम्ही शाळेत साखर वाटली. पण फुप्फुसं गेली होती. १४ मेला, अक्षय तृतीयेच्या दिवशी, ते गेले. पितरांच्या सणाला. त्या दिवशी गावात कुणाच्या चुलीला जाळ लागला नाही.

पाचवे गृहस्थ ५२ वर्षांचे, आखाड्यावरच राहिले. टेस्टला नाही म्हणाले, शाळेत यायलाही नाही म्हणाले. आशाताई आणि मी बांधावरून जाऊन एकदा ऑक्सिजन मोजला. ८१. मी जीप आणायला पळाले, ती येईपर्यंत त्यांनी नाही नाही म्हणत हात जोडले. दुसऱ्या दिवशी पहाटे गेले.

सुप्रीम कोर्टानं ३० जून २०२१ ला मदतीचे नियम करायला सांगितलं आणि ४ ऑक्टोबरला कोरोनानं गेलेल्या माणसाच्या कुटुंबाला ५०,००० रुपये द्यायचा आदेश दिला. राज्याचा शासन निर्णय २६ नोव्हेंबरला निघाला आणि डिसेंबरात पोर्टल सुरू झालं. तालुक्याच्या गावात लगेच माणसं फिरायला लागली. एका अर्जाचे पाच हजार मागत होते. आमच्या शेजारच्या गावातल्या एकीनं दिलेही होते. ते ऐकलं आणि ग्रामसंघात ठरलं की आपण बसायचं. अर्ज भरायला सरकारी फी नव्हती, मोबाइल नंबर आणि ओटीपीवर घरबसल्याही भरता यायचा. आपलं सरकार केंद्र चालवणाऱ्या गावातल्या मुलानं फक्त स्कॅनचे पैसे घ्यायचं कबूल केलं. आमचे चार आणि आसपासच्या चार गावांतले पंधरा, असे एकोणीस अर्ज झाले.

कागद असे लागले: अर्जदाराचं आधार आणि पासबुक, गेलेल्या माणसाचं आधार, मृत्यूचा दाखला, मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र म्हणजे नमुना ४, पॉझिटिव्ह रिपोर्ट किंवा दवाखान्याचे उपचाराचे कागद, आणि घरातल्या बाकी जवळच्या नातेवाइकांची हरकत नसल्याचं स्वयंघोषणापत्र. ओळीत लिहिलं की सोपं वाटतं. प्रत्येक कागदापाशी कुणीतरी अडलेलं होतं.

मृत्यूचा दाखला माणूस जिथं गेला तिथं मिळतो, त्याच्या गावात नाही. सहा बायका ग्रामपंचायतीत तीन-तीन चकरा मारून दमल्या होत्या, नोंद होती दवाखान्याच्या गावातल्या नगर परिषदेत. आणि दाखल्यावर मृत्यूचं कारण नसतंच, त्यामुळं ‘दाखल्यावर कोरोना लिहिलेलं नाही’ म्हणून घाबरून घरी बसू नका. कारण असतं नमुना ४ वर, आणि तो दवाखान्यातून मागायचा असतो. लेखी अर्ज द्या, दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. एका खासगी दवाखान्यानं आम्हाला बिलाची बाकी दाखवून कागद अडवून धरले. पोच घेतलेला अर्ज आम्ही आरोग्य विभागाला दाखवला, तेव्हा दहा दिवसांत मिळाले.

आणि याच काळात एसटीचा संप. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत गाड्या जवळजवळ बंद. काळीपिवळीत माणसं लटकून जायची, भाडं दुप्पट. नवरा गेलेल्या, लेकरू काखेत घेतलेल्या बायकांना घेऊन मी त्या गाड्यांतून किती वेळा गेले ते मोजलं नाही. नंतर आम्ही शहाणपण शिकलो. आठवड्यातला एकच दिवस, सोमवार, ठरवला. एक जीप, पाच-सहा जणी, भाडं वाटून. जाताना भाकरी बांधून न्यायच्या, कारण साहेब दुपारनंतर भेटतात. एकीला कुणी ‘उद्या या’ म्हणतं, सहा जणी बसून राहिल्या की आजच बघतं. आपापसात बोलतही बसायच्या त्या. दोघींचे मालक एकाच वॉर्डात शेजारच्या खाटांवर होते, हे त्यांना त्या बाकावर कळलं.

वहिनींचा अर्ज मात्र डिसेंबरात निघालाच नाही, कारण त्यांचे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, स्वयंघोषणापत्रावर सही करेनात. गावात सगळ्यांनी एकच अर्थ काढला की म्हाताऱ्याला पैसे हवेत, सून माहेरी घेऊन जाईल म्हणून अडवतोय. मीही तेच धरून चालले होते. तीनदा गेले, तीनदा आबा उठून गोठ्यात गेले. चौथ्या वेळी सासूबाई सोबत आल्या. त्या आबांशी पाऊसपाण्याचं बोलल्या, गाईचं बोलल्या, मग हळूच म्हणाल्या, “आबा, कागदात काय वाईट हाय?” आबा म्हणाले, “तिथं लेकराच्या नावाम्होरं मयत लिवलंय. त्याच्याखाली मी बापानं सही करू व्हय?”

पैशाचा विषय त्यांच्या मनातच नव्हता. मी खाली बघत बसले. त्या दिवशी सही मागितली नाही. आठ दिवसांनी आबा स्वतःच केंद्रावर आले आणि म्हणाले, वाच नको, कुठं करायची ते बोट ठेव. मी बोट ठेवलं. कुणी सही करत नसेल तर त्याच्यावर लोभाचा शिक्का मारायची घाई करू नका, हे मला त्या दिवशी कळलं.

अर्ज १७ जानेवारी २०२२ ला गेला. २१ फेब्रुवारीला फेटाळल्याचा मेसेज आला. एकोणीसपैकी अकरा सरळ मंजूर झाले होते, आठ अडकले. वहिनींचं कारण होतं, पॉझिटिव्ह रिपोर्ट नाही. दवाखान्याच्या कागदांत निगेटिव्ह आरटीपीसीआर, आणि शिबिरातल्या रॅपिड टेस्टची ऑनलाइन नोंदच झालेली नव्हती. त्या दिवसांत एकेका आरोग्यसेवकानं शे-शे टेस्ट केल्या, त्यात एखादी राहून गेली तर मी त्याला बोल लावणार नाही.

मेसेज आला की लोक समजायचे संपलं. संपत नव्हतं. त्याच पोर्टलवर जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीकडं अपील करता यायचं. आणि नियम असा होता की पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांत माणूस गेला तर तो मृत्यू कोरोनाचाच धरायचा, मग तो दवाखान्यात असो की घरी, मधे रिपोर्ट निगेटिव्ह आलेला असला तरी. रॅपिड टेस्टही चालायची. २२ एप्रिल ते १४ मे, बावीस दिवस. पण २२ एप्रिलचा पुरावा कुठून आणायचा?

लाल वही काढली. पान ७: टेस्ट, रॅपिड, शाळेतलं शिबिर, २२ एप्रिल, नोंद क्रमांक ४३. वही घेऊन आरोग्य केंद्रात गेलो. आमच्या वहीला सरकारी किंमत नाही, ते मला माहीत होतं. पण तारीख आणि क्रमांक हातात असल्यावर डॉक्टरांनी त्या दिवसाचं मूळ रजिस्टर काढायला सांगितलं. कपाटात खाली होतं, वाळवी लागायला सुरुवात झालेलं. ४३ व्या ओळीत नाव होतं. डॉक्टरांनी त्या पानाची सही-शिक्क्याची प्रत दिली. वहिनी त्या ओळीवरून बोट फिरवत राहिल्या.

अपील ४ मार्चला केलं. २४ मार्चला सुप्रीम कोर्टानं जुन्या मृत्यूंच्या अर्जांना ६० दिवसांची मुदत घातली, त्यामुळं मेमध्ये कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. सुनावणी जूनमध्ये झाली, जिल्ह्याच्या गावी, सकाळी अकराची वेळ, नंबर आला चार वाजता. समितीतल्या बाईंनी तारखा बोटांवर मोजल्या, रजिस्टरची प्रत पाहिली आणि मंजूर म्हणाल्या. पाच मिनिटंही लागली नाहीत. वहिनींना ते खरं वाटेना, जिन्यात थांबून त्यांनी मला दोनदा विचारलं.

मंजूर होऊनही दीड महिना पैसे दिसेनात. दिलेल्या खात्यात काहीच नाही. बँकेत विचारलं तेव्हा कळलं की हे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, आणि वहिनींचं आधार कधीकाळी उघडलेल्या, बंद पडलेल्या दुसऱ्या खात्याला जोडलेलं. ते सुधारून घेतल्यावर आठव्या दिवशी जमा झाले. अर्ज करायच्या आधीच बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते बघा, नावाचं स्पेलिंग दोन्हीकडं सारखं आहे का तेही. आमचे आठातले दोन अर्ज केवळ नावाच्या फरकानं अडकले होते. साध्या अर्जाला झेरॉक्स, फोटो, गाडीभाडं धरून तीनशे-चारशे रुपये गेले, अपिलातल्या अर्जाला हजार-दीड हजार.

अडकलेल्या आठातले सहा मंजूर झाले. दोन शेवटपर्यंत झाले नाहीत, त्यांच्याकडं कुठल्याच टेस्टचा कागद नव्हता. पन्नास हजारांच्या नादात बाकीच्या योजना राहून जातात, तेवढं बघा. एक पालक गेलेल्या लेकरांना बाल संगोपन योजनेत २०२२ साली दर लेकरामागं महिना १,१०० रुपये मिळायचे, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. विधवा बाईला उत्पन्न कमी असेल तर संजय गांधी निराधार योजना, तहसीलमध्ये. तालुक्याला तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली वात्सल्य समिती होती, तिच्यापुढं यादी दिली की एकेकीनं फिरण्यापेक्षा लवकर हलायचं. वहिनींच्या दोन्ही लेकरांचे अर्ज त्यातूनच गेले.

आखाड्यावर गेलेल्या गृहस्थांचा अर्ज आम्ही भरलाच नाही. टेस्ट नाही, दवाखाना नाही, काय जोडणार? घर दारिद्र्यरेषेखालचं आणि कर्त्या माणसाचं वय ५९ च्या आतलं, म्हणून राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० मिळवून दिले. त्याला सात महिने लागले. त्यांच्या मालकीणबाई सोमवारच्या जीपमध्ये तरीही यायच्या, दुसऱ्यांची लेकरं सांभाळायला.

परवा वहिनींच्या पैशाचं कळल्यावर त्या मालकीणबाई माझ्या घरी आल्या. चहा घेतला. मग म्हणाल्या, “ताई, त्या वहीत आमच्या ह्यांचं पान हाय का?”

होतं. पान ३१. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं. नाव, वय ५२, आखाडा, ऑक्सिजन ८१, दुपारी साडेचार, जीप बोलावली.

“अजून एकदा वाचा,” त्या म्हणाल्या. मी वाचलं.